टाकीमागचा ध्रुव

ध्रुवतारा शोधायला पुस्तक लागत नाही, मूठ लागते. गावाचा जेवढा अक्षांश, तेवढ्याच अंशांवर त्या गावाच्या उत्तरेला ध्रुव उभा असतो. छत्रपती संभाजीनगर बसलंय जवळपास २० अंशांवर. हात पुढे ताणून मूठ वळली, की ती आकाशातले साधारण १० अंश झाकते. म्हणजे क्षितिजावर एक मूठ ठेवायची, तिच्यावर दुसरी, आणि दुसरीच्या डोक्यावर ध्रुव. हिशेब इतका सोपा की चुकायला जागाच नाही. मीही चुकलो नाही. गच्चीवर उत्तरेला तोंड करून उभा राहिलो, पहिली मूठ धरली, दुसरी धरली, आणि दुसरीच्या डोक्यावर बरोबर शेजारच्या काकूंची हजार लिटरची काळी टाकी होती.

टाकी आधी एवढी वर नव्हती. काकूंच्या न्हाणीघरात पाण्याला जोर येईना, म्हणून मागल्या वर्षी गवंडी बोलावून खाली चार फुटांचा ओटा बांधून घेतला. ध्रुवबाळाला अढळपद मिळवायला रानात जाऊन तप करावं लागलं. टाकीला ते दीड दिवसाच्या मजुरीत मिळालं.

टाकी सरकवा म्हणायची सोय नाही. आमच्या गावात तुम्ही शेजाऱ्याकडे उसने पैसे मागू शकता, गाडी मागू शकता, फार तर लेकीसाठी त्याच्या मुलाला मागणी घालू शकता. पण त्याच्या पाण्याच्या टाकीविषयी ब्र काढायचा नाही. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथसागर डबडबलेला असतो आणि इथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं, तो आकडा मी देत नाही. लेख छापून येईपर्यंत तो बदललेला असेल. पाणी येतं तेही बहुधा रात्री-बेरात्री. त्यामुळे आमच्या घरच्या कॅलेंडरवर दोन प्रकारच्या खुणा आहेत. बायकोच्या निळ्या खुणा पाण्याच्या, माझ्या काळ्या खुणा अमावास्येच्या. दोन्ही खुणा एकाच चौकोनात आल्या की त्या रात्री खगोलशास्त्र हरतं.

तर ध्रुव गेला टाकीमागे, आणि मी उत्तर सोडून दक्षिणेचा भक्त झालो.

कॅमेरा घरात आला होता पोराच्या वाढदिवसाच्या निमित्तानं. पोरगं मोठं झालं, फोटो काढू देईना, तेव्हा मी तो आकाशाकडे वळवला. तारे लाजत नाहीत, पळत नाहीत, 'बाबा, पुरे ना' म्हणत नाहीत, अशी माझी समजूत होती. पळत नाहीत हे चुकीचं निघालं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहिलं की ताऱ्याची रेघ होते. यावर जाणकारांचा एक तोडगा आहे: ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागायचं, जे उत्तर येईल तेवढी सेकंदं शटर उघडं ठेवायचं. माझी लेन्स १८ मिलिमीटरची, कॅमेऱ्याचा सेन्सर लहान म्हणून तिला धरायचं २७, म्हणजे साधारण १८ सेकंदं. आयएसओ ३२००, ॲपर्चर असेल तेवढं उघडं, फोकस हातानं अनंतावर. 'अनंतावर' हा शब्द मला फार आवडतो. लेन्सवर त्यासाठी आडव्या आठाची खूण असते, आणि माझ्या लेन्सचा अनंत त्या खुणेच्या जरासा अलीकडेच संपतो, हे कळायला मला तीन अमावास्या लागल्या.

तोवर फोटो आले ते दोनच जातीचे. फोकस हुकला की तारे फुगून गोल, अर्धपारदर्शक. शटर लांबलं की तारे बारीक, लांबट, जरासे वाकडे. बायकोनं पहिल्या आठवड्यातच वर्गवारी करून टाकली. मी खाली आलो की ती कॅमेऱ्याकडे न बघताच विचारी, "आज काय, साबुदाणा की शेवया?"

अंधाराचंही एक शास्त्र आहे. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोडायला व्हॉट्सॲपवरचं एक 'शुभ रात्री' पुरतं. लाल उजेडानं मात्र डोळे फारसे बिघडत नाहीत. म्हणून मी बॅटरीवर भेटवस्तूचा लाल जिलेटिन कागद गुंडाळला. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. अमावास्येची मध्यरात्र, गच्चीवर मंद लाल उजेड, दक्षिणेकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस आणि तो हळू आवाजात मोजतोय, "पंधरा, सोळा, सतरा, अठरा." भानामतीच्या गोष्टी ऐकत वाढलेला आमचा मराठवाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या चार दारांना ताजी लिंबू-मिरची होती. आमच्या दारालाही होती. ती बायकोनं बांधली होती.

एक गोष्ट मात्र मला गच्चीवर उभं राहूनच कळली. आपल्याकडे नक्षत्रं सगळ्यांना पाठ आहेत, पाहिलेली कुणीच नाहीत. गल्लीत कुणालाही झोपेतून उठवून त्याचं जन्मनक्षत्र विचारा, चरणासकट सांगेल. कुठाय ते दाखव म्हणा, पत्रिकेकडे बोट करेल.

मृगाचंच घ्या. पंचांग उघडून मृगाचं वाहन यंदा गाढव आहे की बेडूक, म्हैस आहे की मोर, यावर गावागावात पारावर चर्चा झडतात. ७-८ जूनला मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो. पण मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला. आणि सूर्य मृगात गेला म्हणजे मृग दिवसाढवळ्या सूर्यासोबत उगवतो, त्याच्यासोबतच मावळतो. अख्खा महाराष्ट्र ज्याच्या नावानं वाट बघतो, तो बरोबर त्याच पंधरवड्यात दिसूच शकत नाही. दिसतो तो हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, डोक्यावर, ठसठशीत, आणि तेव्हा त्याला कुणी विचारत नाही.

अरुंधतीची गोष्ट तर याहून वरची. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून बसलेली बारीक चांदणी अरुंधती. ऐंशीएक प्रकाशवर्षं दूर. नजर चांगली असेल तर साध्या डोळ्यांनी दोघं वेगळी दिसतात. नवरा-बायकोंनी लग्नात ती पाहायची, असा विधी. पण आमच्याकडे मुहूर्त दुपारी साडेबारा-पाऊणचा, जेवणाच्या पंगती खोळंबलेल्या, वर मांडवाची गुलाबी झालर आणि झालरीला टांगलेला पंखा. गुरुजी म्हणतात, "तिकडं अरुंधती आहे असं समजा आणि नमस्कार करा." दोघं पंख्याला नमस्कार करतात. फोटोग्राफर ओरडतो, "वहिनी, थोडं अजून वर, आणि स्माइल!" अरुंधतीकडे बघणाऱ्यांचे फोटो महाराष्ट्रातल्या घराघरात अल्बममध्ये आहेत. अरुंधतीचा एकाही अल्बममध्ये नाही.

माझ्या आजीची गोष्ट वेगळी होती. तिला पंचांग वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिनं आकाश पाहिलेलं होतं. पैठण तालुक्यातल्या आमच्या खेड्यात उन्हाळ्यात अंगणात बाजा पडायच्या, तेव्हा ती सांगायची, "ती बघ, म्हातारीची बाज. हे चार पाय, अन् हे तीन चोर. बाज वढून न्यायला लागलेत मेले." सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाज, शेपटीचे तीन म्हणजे चोर. मृगाच्या पोटातले ओळीनं तीन तारे, ज्यांना पुस्तकं बाण म्हणतात, ती आजीची तिफण. पेरायची तीन नळ्यांची तिफण, दुसरं काय. पुढं मी खगोलाची पुस्तकं वाचली तेव्हा लक्षात आलं, की शास्त्राप्रमाणे जिथं ब्रह्मर्षी वसिष्ठ सपत्नीक विराजमान आहेत, तिथं आजीच्या हिशेबानं मधला चोर होता. म्हणजे दुपारी साडेबाराला आपण नवदांपत्याला आदर्श म्हणून कुणाची बायको दाखवतो, हा प्रश्न मी अजून कुठल्याही गुरुजींना विचारलेला नाही.

शहर वर्षातून एकदाच सामुदायिकरीत्या आकाशाकडे बघतं, ते कोजागरीला. तारे बघायला पौर्णिमेहून वाईट रात्र नाही, कारण चंद्र सगळं धुऊन टाकतो. पण तारे बघायला कुणी आलेलंच नसतं. २०२३ ची कोजागरी मला विसरता येत नाही. २८ ऑक्टोबरची रात्र, आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. ग्रहण लागणार रात्री १ वाजून ५ मिनिटांनी, सुटणार २ वाजून २२ मिनिटांनी, आणि चंद्राचा झाकला जाणारा भाग एवढासा: व्यासाचा आठवा हिस्सादेखील नाही. पण वेध दुपारपासून. सोसायटीची बैठक बसली. प्रश्न एकच होता, दुधाचं काय? एका गटाचं म्हणणं, दूध दुपारीच पिऊन टाकावं. दुसरा म्हणे, वेधात दूध आटवलं तरी चालतं, फक्त प्यायचं नाही. तिसऱ्या गटाला केशर-बदाम आधीच आणून पडले होते, त्यामुळे त्यांचा दृष्टिकोन वैज्ञानिक झाला होता. शेवटी दुधात तुळशीचं पान टाकून सर्वांनी ते साडेनऊला प्यायलं आणि साडेदहाला सगळे झोपायला गेले. १ वाजून ४४ मिनिटांनी, ग्रहण ऐन भरात असताना, गच्चीवर मी एकटा होतो. चंद्राच्या कडेला कुणी तरी हळूच अंगठा लावावा तसा डाग. फोटो चांगला आला. सकाळी ग्रुपवर टाकला. पहिला प्रतिसाद आला, "पातेलं कुणाकडे राहिलंय?"

चंद्र खरोखर शोधणारी माणसं मला पलीकडच्या मोहल्ल्यात भेटली. रमजान सरतानाची संध्याकाळ. मावळतीच्या उजेडात केसाएवढी चंद्रकोर, तीही थोडा वेळ टिकणार. मी ॲप उघडून दिशा काढतोय, कॅमेऱ्याला लांब लेन्स जोडतोय, ट्रायपॉडचा पाय अडकलाय. शेजारच्या गच्चीवरचे सत्तरीतले चाचा कमरेवर हात ठेवून नुसते उभे. "वो देखो, नीम की डाली के ऊपर, दो उंगल." मला दिसेना. मी पुन्हा ॲपमध्ये. चाचा शांतपणे म्हणाले, "भाई, कॅमेरा बाजू में रखो. पहले आँख से देखो, फिर उसको दिखाओ." मी बघेपर्यंत खाली फटाके वाजायला लागले होते.

असं हुकण्यात माझा हातखंडा आहे. २०२२ च्या गुढीपाडव्याची संध्याकाळ, २ एप्रिल. मी कॅमेरा पश्चिमेला उतरत्या मृगावर रोखून बसलेलो, आणि माझ्या पाठीमागून उत्तरेच्या आभाळातून जळत्या ठिणग्यांची रांग चालत गेली. गल्ली ओरडली. प्रत्येकानं खिशातून फोन काढला आणि प्रत्येकाला व्हिडिओ मिळाला. चहावाल्याला मिळाला. दुसरीतल्या पोराला मिळाला. ज्याच्याकडे ट्रायपॉड होता त्या एकट्याला मिळाला मृग, तोही साबुदाणा. उल्का म्हणावी की विमान पडलं म्हणावं, यावर रात्रभर वाद झाले. मग बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत मोठं धातूचं कडं पडलंय, आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत. आमच्या इलेक्ट्रिशियननं एका वाक्यात विषय संपवला, "चायना माल. टिकला असता तरच नवल."

शहरातून दिसतं तरी काय म्हणा. पश्चिमेला वाळूजचा उजेड, पूर्वेला चिकलठाणा-शेंद्र्याचा, दक्षिणेला बीड बायपासवरच्या लॉन्सचा. लग्नसराईत तर तिथून प्रकाशाचे झोत आकाशात फिरतात, जणू वऱ्हाडी हरवलेत आणि वरून शोध चाललाय. खऱ्या काळोखात एका वेळी अडीच-तीन हजार तारे दिसतात. माझ्या गच्चीवरून चांगल्या रात्री शंभर मोजले की मी खाली येऊन सांगतो. शहरात एमजीएमचं एपीजे अब्दुल कलाम ॲस्ट्रोस्पेस सायन्स सेंटर आहे, तिथं मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवतात, रांगा लागतात. तिकडे विदर्भात पेंचच्या जंगलाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळाला. अंधार राखला म्हणून सन्मान! आमच्या गल्लीनं भारनियमनाच्या काळात तो किती वर्षं फुकट राखला, त्याची नोंद कुणी घेतली नाही.

म्हणून मग म्हैसमाळ. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, दौलताबाद, खुलताबाद करत वर चढायचं, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. गेल्या डिसेंबरात अमावास्येचा शनिवार गाठून आम्ही तिघं गेलो. एकाकडे दुर्बीण, माझ्याकडे कॅमेरा, तिसऱ्याकडे हुरडा, चटणी आणि शेगडी. खगोल मंडळींच्या सहलीत तिसरा माणूस सर्वांत महत्त्वाचा, हे अनुभवानं सांगतो.

पूर्वेला गुरू झगझगत वर आलेला, नैऋत्येला शनी. दुर्बीण लावून बसलो आणि रस्त्यावर गाडीचे दिवे थांबले. डोळ्यांची अर्ध्या तासाची कमाई तिथंच संपली. एक हवालदार उतरले.

"काय चाललंय?"

"गुरू बघतोय, साहेब."

त्यांनी टॉर्च झुडपांवरून फिरवला. "कोणते गुरू? कुठं उतरलेत?"

"आकाशातला. गुरू ग्रह."

"अन् तो पलीकडं?"

"शनी."

हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली. आवाज एकदम घरगुती झाला. "माझी मेष. मार्चपासून पहिलं अडीचकं लागलंय. दिसेल का जरा?"

दुर्बीण शनीवर वळवली. ते वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग डोळा न काढता म्हणाले, "कडं कुठंय? शाळेच्या पुस्तकात तर शनीला कडं असतंय."

प्रश्न बिनतोड होता. शनीची कडी एरवी छोट्या दुर्बिणीतूनही दिसतात, पण दर चौदा-पंधरा वर्षांनी ती आपल्याकडे नेमकी धारेनं वळतात आणि जवळजवळ नाहीशी होतात. तसं २०२५ च्या मार्चमध्ये झालं होतं, आणि डिसेंबरातही कडी इतकी आडवी होती की शनी सुईत ओवलेल्या मण्यासारखा दिसत होता. मित्रानं हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. हवालदारांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे यंदा खुद्द त्याच्याच हातातलं कडं गेलं?"

"तसंच म्हणा."

"मग त्याचीबी साडेसातीच चालू आहे की!" ते मनापासून हसले. जाताना त्यांनी स्वतःचा फोन दुर्बिणीच्या भिंगाला टेकवला, एकदा बोट दाबलं, आणि सुई-मण्यासकट शनी स्वच्छ आला. मी त्या रात्री तोच शनी अकरा वेळा काढला होता. अकराही वेळा साबुदाणा.

हुरडा खाताना मित्र उत्तरेकडे हात करून म्हणाला, त्या अंगाला कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावजवळ पाटण. भास्कराचार्यांच्या घराण्याचं गाव. भास्कराचार्य जन्मले १११४ मध्ये. छत्तीसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. (छत्तीसाव्या वर्षी मी टू-व्हीलरचं कर्ज फेडत होतो.) त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं पाटणला मठ काढला, आणि त्या मठाला मिळालेल्या दानांचा १२०७ चा शिलालेख तिथं आहे. सिंघणाची राजधानी देवगिरी, म्हणजे आम्ही येताना ज्याच्या पायथ्याशी चहा प्यायलो तो किल्ला. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराच्या दोन्ही अंगांना आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना राजाश्रय होता. आज आम्हाला हवालदाराश्रय मिळाला, तोही काही वाईट नव्हता.

याच 'सिद्धान्तशिरोमणी'त वेध घेण्याच्या यंत्रांवर एक अध्याय आहे. शंकू, घटी, चक्र, फलक अशी एकेक यंत्रं सांगून झाल्यावर भास्कराचार्य एका शेवटच्या यंत्राशी येतात आणि त्याला सर्वांत श्रेष्ठ ठरवतात: धीयंत्र. म्हणजे बुद्धी. हातात साधी काठी असली तरी बुद्धी असेल तर काय वाटेल ते मोजता येतं, असा त्यांचा दावा. मी माझ्या ट्रायपॉडकडे पाहिलं, इंटरव्हॅलोमीटरकडे पाहिलं, दव बसू नये म्हणून लेन्सला गुंडाळलेल्या बायकोच्या मफलरकडे पाहिलं. हे सगळं सामान हप्त्यांवर मिळालं होतं. ते एक यंत्र दुकानात ठेवत नाहीत.

आता टाकीकडे येतो.

एका मे महिन्यातली रात्र. कॅलेंडरच्या चौकोनात निळी आणि काळी दोन्ही खुणा. पाणी रात्री दोनच्या सुमाराला येईल अशी बातमी होती, त्यामुळे गल्ली निम्मी जागी, निम्मी गजर लावून झोपलेली. मी मोटर चालू करायच्या बोलीवर गच्चीवर. दक्षिणेला लॉन्सचे झोत फिरत होते, तिकडे काही जमेना. वैतागून कॅमेरा उत्तरेला फिरवला. टाकी तर टाकी. तीस-तीस सेकंदांचे एकामागून एक फोटो काढायला लावले. दोन तासांत २४० फोटो होतात, ते एकावर एक रचले की ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघा उमटतात. शेवयाच, पण हेतुपुरस्सर.

दीडच्या सुमाराला काकू त्यांच्या गच्चीवर आल्या. हातात बॅटरी. टाकीचं झाकण उघडून आत उजेड टाकला, तळ पाहिला, बाहेरून दोन थापा मारल्या, नळीचं टोक चाचपलं, पुन्हा एकदा सगळीकडून उजेड फिरवला. माझ्या पोटात गोळा आला. पण शटर उघडं होतं आणि टाकी त्यांची होती.

"झोपत नाहीस का रे तू?"

"तारे बघतोय, काकू."

"दिसतात का?"

लॉन्सचे झोत एव्हाना विझले होते. दक्षिणेला अख्खा वृश्चिक उभा होता, मधे तांबडी ज्येष्ठा, खाली वळलेली नांगी. मी बोट केलं. "तो विंचू. आणि नांगीच्या टोकाला ते दोन जवळजवळचे तारे दिसतात ना, ते मूळ नक्षत्र."

काकू एकदम गप्प झाल्या. बॅटरी विझवली. मग म्हणाल्या, "माझं मूळ."

मला हे माहीत नव्हतं. अठरा वर्षं शेजारी राहून मला फक्त त्यांच्या टाकीची क्षमता माहीत होती.

"तीन ठिकाणांहून नकार आला होता मला," त्या कठड्यावर रेलून सांगायला लागल्या. "मूळ नक्षत्राची पोरगी सासऱ्याला वाईट म्हणे. यांच्या वडलांनी पत्रिका बघितलीच नाही, म्हणून इथं पडले. सासरे एक्क्याण्णव वर्षं जगले. शेवटची वीस वर्षं मीच वाढलं त्यांना ताटात. रोज काही तरी खोट काढायचे. कधी मीठ, कधी तिखट." नांगीकडे बघत थोडं थांबल्या. "किती लांब असेल रे ते?"

"शेकडो प्रकाशवर्षं."

"म्हणजे मुंबईच्या पुढं?"

"बरंच पुढं, काकू."

"मग एवढ्या लांबून ते त्यांना काय करणार होतं? मी चार पावलांवर होते, मला काही करता आलं नाही."

खाली नळीत फुस्स झालं. आधी हवा, मग दोन उचक्या, मग धार. "आलं!" काकू ओरडल्या आणि जिन्याकडे धावल्या. क्षणात गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर दिवे लागले, मोटरी घुमू लागल्या, बादल्या वाजल्या, कुणी तरी कुणाला तरी "पाइप धर, पाइप!" म्हणून हाक दिली. ज्येष्ठा तेवढी तग धरून राहिली. बाकी आकाश गेलं. खालून बायकोचा आवाज आला, "अहो, मोटर!"

दुसऱ्या दिवशी फोटो एकावर एक रचले. दिवे लागण्याआधीचे दीडशे-पावणेदोनशे वापरता आले. पडद्यावर हळूहळू चित्र उमटलं: बारीक, रेखीव, एकाही ठिकाणी न तुटलेल्या वर्तुळाकार रेघा, आणि सगळ्यांच्या मधोमध, काकूंच्या बॅटरीच्या उजेडात उजळून निघालेली, चार फुटांच्या ओट्यावर विराजमान, हजार लिटरची टाकी. सप्तर्षी तिच्याभोवती फिरत होते. म्हातारीची बाज तिच्याभोवती फिरत होती, तिन्ही चोर तिच्याभोवती. माझा आतापर्यंतचा सर्वांत चांगला फोटो तो. बायकोनं बराच वेळ पाहिला आणि प्रथमच काही म्हणाली नाही.

काकूंनी तो मोठा करून मागितला. आता तो त्यांच्या बैठकीत सासऱ्यांच्या तसबिरीशेजारी लावलेला आहे. पाहुणे विचारतात, हे गोल-गोल काय आहे?

"ते मागचं होय? ते तारे आहेत," काकू सांगतात. "ही आमची टाकी."